वीस टक्क्यांची घट

चि. अद्वैत यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. एखादा मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांचे काम आवरणारा आरएनएचा छोटासा तुकडा, प्रथिनाचे प्रमाण जेमतेम थोडेसेच घटवत असेल, तर एवढ्याशा घटीने कर्करोगाला हातभार लागावा हे पटत नाही, असे तू लिहिले आहेस. शंका रास्त आहे आणि मलाही ती बरीच वर्षे होती. मी वर्गात शिकवत असे तेव्हा फळ्यावरचे जनुक एक तर शाबूत असे, नाही तर बिघडलेले. मधल्या अवस्थेला जागाच नसे.

१९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांच्या गटांनी एका सूत्रकृमीत लिन-४ हा अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए लिन-१४ या जनुकाला कसा आवरतो ते दाखवले, तेव्हा ते त्या कृमीपुरतेच वैशिष्ट्य समजले गेले. २००० मध्ये लेट-७ हा असाच दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तोच माणसातही आहे असे दिसल्यावर मत पालटले; त्या दोघांना नोबेल मात्र २०२४ मध्ये मिळाले. मायक्रोआरएनएचा इवलासा रेणू अर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून संदेशवाही आरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याची जनुकाची सूचना वाहणाऱ्या रेणूच्या, शेपटाकडील भागाशी जुळतो, आणि ही जुळणी मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरापुरती असते. इतका तोकडा जुळणारा मजकूर शेकडो संदेशांत आढळत असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए एकाच वेळी अनेक प्रथिनांवर हात ठेवतो, मात्र प्रत्येकावर हलकाच. बहुतेक प्रथिने निम्म्यावरसुद्धा येत नाहीत.

आता तुझ्या शंकेकडे वळते. वाढीचा संकेत पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीवर आला की आत एक विकर (एन्झाइम) पेशीच्या पटलातील मेदरेणूवर फॉस्फेट चढवते, त्या खुणेपाशी एकेटी हे प्रथिन जागे होते आणि पेशीला जगण्याचा व वाढण्याचा हुकूम देते. पीटेन हे प्रथिन ते फॉस्फेट उतरवून टाकते, म्हणजे या मार्गाचा लगाम त्याच्या हाती असतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांमध्ये पीटेनचे प्रमाण नेहमीच्या ८० टक्क्यांवर आणले गेले. जनुक नष्ट केले नव्हते, प्रथिनात दोषही नव्हता, फक्त २० टक्के उणीव होती. तरीही त्या उंदरांना अर्बुदे, म्हणजे गाठी, झाली, त्यांत स्तनांची सर्वाधिक. तू ज्याला ‘थोडेसे’ म्हणतोस ते एवढेच आहे, आणि मिर-२१ हा मायक्रोआरएनए पीटेनवर नेमका याच मापाचा दाब ठेवू शकतो.

तो तेवढ्यावर थांबत नाही. वाढीचा संकेत पुढे नेणारे रास हे प्रथिन उत्परिवर्तनाने अडकून सतत चालू राहिले, की रासकडून ईआरके या पुढच्या प्रथिनापर्यंत जाणारा संकेत मिर-२१ चे उत्पादन वाढवतो. वाढलेला मिर-२१ त्याच मार्गाला आवर घालणाऱ्या स्प्राउटीसारख्या प्रथिनांना दाबतो, त्यामुळे संकेत आणखी चढतो. लगाम एकच सैल झाला तर पेशी सावरते. एकाच मार्गावरचे तीन-चार लगाम एकाच वेळी थोडे थोडे सैल झाले, की बेरीज थोडी राहत नाही. मला विचारशील तर मायक्रोआरएनएचे सगळे सामर्थ्य या बेरजेत आहे.

उलट दिशेचे उदाहरण लेट-७ चे. तो रासला आवरतो, हे २००५ मध्ये दिसले. फुप्फुसाच्या अनेक अर्बुदांत त्याचे प्रमाण घटलेले असते. लिन-२८ हे प्रथिन लेट-७ तयार होऊ देत नाही आणि लेट-७ लिन-२८ ला दाबतो, त्यामुळे पारडे एकदा झुकले की झुकलेलेच राहते. जनुकच गळाल्याचेही उदाहरण आहे: लिंफपेशींच्या एका दीर्घकालीन रक्तकर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांच्या १३ व्या गुणसूत्राचा एक तुकडा नाहीसा झालेला असतो, आणि त्यात मिर-१५ए व मिर-१६-१ या मायक्रोआरएनएंची जनुके असतात, हे २००२ मध्ये कळले.

मायक्रोआरएनए औषध म्हणून देण्याविषयी तू फार उत्साहाने लिहिले आहेस, तिथे थोडे थांब. शेकडो प्रथिनांवर हात ठेवणारा रेणू शरीरात सोडला, की तो अर्बुदापुरता राहील अशी हमी कोण देणार? मिर-३४ए या मायक्रोआरएनएची नक्कल मेदकणांत घालून रुग्णांना देण्याची पहिली चाचणी प्रतिकारयंत्रणेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. दोष रेणूचा, मेदकणांचा की मात्रेचा, हे स्वतंत्रपणे विचारायला हवे.

तुझ्या तक्त्यात मिर-२९ समोर तू ‘कर्करोगरोधक’ असे लिहिले आहेस. तीव्र मज्जापेशी रक्तकर्करोगात तो घटतो, तेव्हा तिथे ते बरोबर आहे. पण उंदरांच्या बी-पेशींत, म्हणजे एका प्रकारच्या लिंफपेशींत, तोच वाढवल्यावर वर सांगितलेल्या दीर्घकालीन रक्तकर्करोगासारखा आजार झाला. तेव्हा ‘कारक’ आणि ‘रोधक’ हे दोन रकाने खोड, त्यांच्या जागी ‘कोणती पेशी’ व ‘कोणता मार्ग’ असे रकाने आख, आणि भरून झाला की मला परत पाठव.

तुझी,
आई