शेततळ्यात पाणी येते कुठून? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मोटारीने भरल्या जाणाऱ्या शेततळ्यांचे अनुदान थांबवणे आणि गावाच्या भूजल हिशेबात शेततळी धरणे

माननीय मंत्रिमहोदय,

आपल्या खात्याकडे शेततळ्यासाठी अर्ज करताना दोन प्रकार समोर येतात : इनलेट-आउटलेटसह आणि इनलेट-आउटलेटविरहित. पहिल्यात पावसाचे वाहते पाणी उताराने येऊन साठते. दुसऱ्यात पाणी आत यायला वाटच नसते. मग ते भरते कसे? आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या पूर्व भागातले शाळकरी पोरही सांगेल, विहिरीवरच्या मोटारीने. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढायचे, प्लास्टिकच्या कागदावर उन्हात पसरायचे, आणि या कामाला सरकारने पैसे द्यायचे. गंमत वाटावी अशी ही गोष्ट, पण आमच्या गावचा टँकर तिच्यामुळे लवकर सुरू होतो, म्हणून हे पत्र.

'मागेल त्याला शेततळे' ही योजना फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. कल्पना चांगली होती : पावसात वाहून जाणारे पाणी अडवायचे आणि खंड पडला की पिकाला एक-दोन पाणी द्यायचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर गेले आणि देशभर त्याची बातमी झाली. आता ३० बाय ३० बाय ३ मीटरचे एक शेततळे घ्या. १:१ उताराच्या बाजू धरल्या तर त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या चौपटीहून अधिक. अशी तळी आमच्याकडे एका शिवारात किती आहेत, ते उपग्रहाच्या चित्रात कुणीही मोजू शकतो. निळे-काळे चौकोन लगेच दिसतात.

भूजलाचा प्रश्न आला की ऊस आठवतो आणि बोट सोलापूर-मराठवाड्याकडे जाते. आमच्याकडे ऊस थोडा. आमच्याकडे डाळिंब, द्राक्ष, कांदा, टोमॅटो. 'फळबाग ठिबकवर आहे, पाणी वाचते' असे म्हणून ही पिके सुटतात. ठिबकने झाडाला लागणारे पाणी कमी होते, हे खरे. पण वाचलेल्या पाण्यावर पुढच्या वर्षी आणखी दोन एकर बाग लागते. विहिरीतून होणारा उपसा होता तिथेच राहतो किंवा वाढतो.

हे पाणी मुळात असते किती, तेही सांगतो. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. खाली कठीण पाषाण लागला की संपले. हा साठा दरवर्षी पावसाने भरतो आणि दरवर्षी संपतो. जुनी माणसे विहिरीला पाणी किती हे पोळ्याला विचारत नसत, संक्रांतीला विचारत. आता ती संक्रांतही उरली नाही. दसरा-दिवाळीला विहिरी तुडुंब असताना ज्याचे शेततळे आहे तो दिवसरात्र मोटार चालवतो, कारण बांधापलीकडचाही तेच करतो आहे. थांबेल त्याचे पाणी शेजाऱ्याच्या तळ्यात जाईल. पाणी दोघांचे एकच, आणि शर्यत लागलेली. विहिरीत आडवे बोअर घेणे, विहिरीच्या तळाला उभे बोअर (इनवेल बोअर) मारणे, हे सगळे त्याच शर्यतीतले.

बागायतदार म्हणतात, 'नाहीतरी ते पाणी ओढ्याने वाहूनच जाते, आम्ही धरून ठेवले तर काय बिघडले?' हे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते, कारण यात अर्धे सत्य आहे. पाणी ओढ्यात झिरपते हे खरे. पण त्या झिरप्यावरच ओढा पावसाळ्यानंतरही वाहतो, ओढ्याकाठची गावाची पिण्याची विहीर भरते, गुरे पाणी पितात, काठचे करंज-उंबर तगतात. आमच्या सिन्नरच्या देवनदीवर ब्रिटिश काळातले वळणबंधारे, म्हणजे नदीचे पाणी पाटात वळवणारे बांध, आहेत. त्यांचे पाट मोटारीशिवाय, नुसत्या उताराने रान भिजवत आले, आणि त्यांचा सगळा भरवसा नदी किती दिवस वाहते यावर.

आता उन्हाचा हिशेब. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर एका तळ्यातून रोज ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने हे १३० माणसांचे रोजचे पाणी. त्याच दिवशी त्याच गावात शासकीय टँकर रिकामा होत असतो. टंचाईत तहसीलदार खासगी विहिरी अधिग्रहित करतात, पण तोवर त्या विहिरीतले पाणी तळ्यात जाऊन बसलेले असते. (आणि गुळगुळीत कागदावरून घसरून जनावरे, कधी कधी लहान मुलेही बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कुंपण आणि आत लोंबता दोर तरी सक्तीचा करा.)

यात शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. १९७०-७१ मध्ये राज्यात एका खातेदारामागे सरासरी शेतजमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. भावाभावांत वाटण्या झाल्या, माणसे वाढली, खर्च वाढला. तीन एकरांत बाजरी करून पोरांच्या फिया निघत नाहीत, म्हणून माणूस डाळिंबाकडे वळतो. बाग एकदा वाळली की नवी उभी राहायला वर्षे जातात, म्हणून तो तळे घेतो. एकेकट्याने पाहिले तर प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा आहे. म्हणूनच हे काम सरकारचे आहे. सरकार मात्र शर्यतीला जोर देते : तळ्याला अनुदान, कागदाला अनुदान, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून मोफत वीज, वर सौर पंप. आणि उन्हाळ्यात टँकरचे बिल. शेततळे आपल्या खात्याचे, भूजल सर्वेक्षण पाणीपुरवठा खात्याचे, नाला-बांध जलसंधारणाचे. या तिघांच्या फायली एका टेबलावर कधी येतात?

कायदा नाही असेही नाही. भूजलाचा २००९चा कायदा आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहीर नको, हे तर १९९३ पासून आहे. पण विहीर ५१० मीटरवर असेल आणि तिच्यावर २२ लाख लिटरचे तळे भरत असेल, तर त्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. त्याआधी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकराचे पाणी ठरवले, भूमिहीनालाही त्यात वाटा दिला आणि ऊस नाकारला. पुढारी या गावांना भेटी देतात, हार-तुरे होतात. पण त्यांचा नियम कुठल्याही अनुदानाच्या अटीत उतरत नाही.

माझी मागणी मोठी नाही. टँकर लागणाऱ्या गावांत इनलेटविरहित शेततळ्याला यापुढे अनुदान देऊ नका. आहेत त्या तळ्यांची नोंद भूजल यंत्रणेकडे करा आणि गावाच्या ताळेबंदात त्यांची साठवण उपसा म्हणून लिहा. विहिरीवरून तळे कधीपर्यंत भरायचे, ते ऑक्टोबरच्या ग्रामसभेला निरीक्षण विहिरींची पातळी पाहून ठरवू द्या, आणि तो ठराव मोडणाऱ्याची पुढची अनुदाने थांबवा. ज्यांनी तळ्यासाठी कर्ज काढले आहे, त्यांना तेच तळे पावसाच्या पाण्यावर आणण्यासाठी इनलेट, गाळ-सापळा आणि वर सावलीची जाळी यांना पैसे द्या. पहिल्या कामासाठी नवा कायदा लागत नाही. अर्जातला एक पर्याय काढून टाकायचा आहे, आणि तो येत्या रब्बीआधी निघू शकतो.

आपला,
सिन्नरच्या पूर्व भागातील एक कोरडवाहू शेतकरी