पाण्याची बातमी रोज छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत शिलाईकाम करते. ब्लाऊज, परकर, फॉल-पिको, शाळा सुरू व्हायच्या सुमारास गणवेश. तुमचा पेपर दुकानात बत्तीस वर्षं येतो. माप द्यायला आलेल्या बायका बाकावर बसून आधी आतलं गावाचं पान उघडतात. कुणाच्या वाडीत सत्यनारायण झाला, कुठल्या रस्त्याचं भूमिपूजन झालं, शिवनदीच्या काठी मगर ऊन खात पडलेली दिसली, हे सगळं त्या पानावर असतं आणि आम्ही ते आवडीने वाचतो. मगरीचा फोटो आला की पेपर चार हातांतून फिरतो. फक्त ती मगर ज्या पाण्यात राहते, त्या पाण्याची बातमी गावात पाणी शिरल्यावरच येते.

मृग लागायला आता आठ-दहा दिवस उरलेत. माझी मागणी अशी, की जून ते सप्टेंबर, बाजारभावाच्या शेजारी रोज एक लहानशी चौकट द्या. आज खाडीच्या तोंडाशी दाभोळला पूर्ण भरती किती वाजता, काल तालुक्यात पाऊस किती पडला, वाशिष्ठी नदीची पातळी किती, आणि कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, नदीत येतंय की थांबलंय. चार ओळींत मावेल एवढंच आहे.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पडावावर, म्हणजे मालाच्या होडीवर, तांडेल (होडीचे प्रमुख) होते. दाभोळच्या खाडीतून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत कौलं आणि मीठ आणायचे. भरतीबरोबर वर यायचं, ओहोटीबरोबर खाली जायचं. त्यांच्या मनगटाला घड्याळ नव्हतं, पण भरतीची वेळ कधी चुकली नाही. तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, झालं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पक्ष कुठलाही असो, शुद्ध की वद्य. ही वेळ खाडीच्या तोंडाशी. आत गोवळकोटला पाणी चढायला आणखी थोडा वेळ धरायचा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत नाही; पुनव-अमावास्येला उधाण. मला पाऊणकीचा पाढा शाळेत मास्तरांनी नव्हे, दादांनी धक्क्यावर बसवून शिकवला.

आणि ज्या दिवशी तो कामाला यायचा, त्या दिवशी मी तो विसरले.

२२ जुलै २०२१, गुरुवार. पहाटे चारच्या आधी कुणीतरी खालून हाका मारल्या, बाजारात पाणी आलंय म्हणून. आम्ही दुकानापासून तीन गल्ल्या पलीकडे पहिल्या मजल्यावर राहतो. मी आणि मुलगा गुडघाभर पाण्यातून दुकानात गेलो. शटर अर्धं वर केलं. दोन्ही मशीनची डोकी सोडवून माळ्यावर चढवली. गिऱ्हाइकांचे त्रेचाळीस ब्लाऊज दोन गाठोड्यांत बांधलेले होते, तीही माळ्यावर. मापाची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठोड्यांवर ठेवली. माळा जमिनीपासून सात फुटांवर. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या भिंतीवर पाण्याची रेघ पाच फूट दोन इंचांवर उठली होती. ती रेघ बघूनच मी माळा सात फुटांवर बांधून घेतला होता. म्हटलं, पावणेदोन फूट जास्तीचे आहेत, पुरे झाले. साडेपाचला घरी आलो आणि मी चहा टाकला.

त्या पहाटे तिथी शोधायलाही नको होती. मंगळवारीच आषाढीचा उपास झाला होता. एकादशीनंतर दोन दिवस, त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे पूर्ण भरती पावणेदहा-दहाला, आणि आम्ही पाण्यात उभे होतो तेव्हा, पावणेचार-चारला, पूर्ण ओहोटी. ओहोटीला नदी रिकामी व्हायला हवी. ओहोटी असूनही पाणी बाजारात गुडघाभर आहे आणि चढतंच आहे, तर सहा तासांनी भरती समोरून दाबायला लागेल तेव्हा काय होणार? शिवाय पुनव दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाकडे चाललेली भरती. दादा असते तर दारातूनच म्हणाले असते, पोरी, माळ्यावर नको, घरी ने. गाठोडी दोनच होती. वही तर पदरात मावली असती. तेवढा वेळही हातात होता.

पाणी उतरल्यावर मी भिंत मोजली. आमची टेप साठ इंचांची. एकदा जमिनीपासून लावली, खूण केली, खुणेवर पुन्हा लावली. साठ आणि एक्केचाळीस, एकशे एक इंच. आठ फूट पाच इंच. माळ्याच्या वर एक फूट पाच इंच. गाठोडी सोडली तर आतल्या घड्यांमध्येही गाळ होता, मऊ, दळलेल्या पिठासारखा. एक जांभळा खणाचा ब्लाऊज होता, हिरव्या काठाचा, हातशिलाई राहिलेला. तो मी तीन वेळा धुतला. खणाचा रंग काठात उतरला आणि काठाचा गाळात. त्या बाईंनी एका शब्दाने काही म्हटलं नाही, उलट मलाच पोळीभाजीचा डबा आणून दिला. कापडाची भरपाई मी हळूहळू केली, मशीनही एक दुरुस्त झालं. वही गेली ती गेलीच. बावीस वर्षांची मापं होती तिच्यात. काही बायका हयात नाहीत, त्यांची मापंसुद्धा मी ठेवली होती, कारण लेकी आईच्या मापावरून सांगायच्या, आईपेक्षा खांदा अर्धा इंच कमी घ्या. शाईच्या निळ्या ढगाखेरीज पानावर काही उरलं नाही. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात १८६४ पासून जमवलेली पुस्तकं आहेत, २००५ ला भिजली आणि २०२१ ला पुन्हा भिजली. तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते मला वहीमुळे कळलं.

तुम्ही म्हणाल, चौकट छापली म्हणून पूर थांबतो का? नाही थांबत. त्यासाठी गाळ काढायचा, नदीची तोंडं मोकळी करायची. २०२१ च्या डिसेंबरात गाळासाठी चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले होते. ते काम मोठं आहे आणि त्याच्या बातम्या तुम्ही देता. मी बोलतेय ते त्या पहाटेच्या दोन तासांबद्दल. काय उचलायचं, कुठे न्यायचं, म्हाताऱ्या माणसाला आत्ताच वर न्यायचं की उजाडायची वाट बघायची, हे ज्याचं त्याने तेव्हा ठरवायचं असतं. त्यासाठी हाताशी काहीतरी लागतं.

मोबाइलवर सगळं येतं, असं माझा मुलगाही म्हणतो. येतं ना. गेल्या पावसाळ्यात एका रात्री माझ्या मोबाइलवर पाणी सोडल्याचे पाच निरोप आले. त्यातले दोन कधीचे होते कोण जाणे, तारीखच नव्हती. एकात तर दुसऱ्याच नदीचं नाव होतं. शेजारच्या आजी घाबरून रात्रभर जिन्यात बसल्या. तुमच्या पेपरावर तारीख असते. छापलेलं पुढे ढकलता ढकलता बदलत नाही. पाऊस उद्या किती पडेल ते तुम्ही छापू शकणार नाही हे मला कळतं, पण भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी तयार असतं. पूर ज्या दोन-तीन गोष्टींनी होतो, त्यातली एक तरी आधीपासून पक्की ठाऊक असताना ती लोकांच्या डोळ्यांसमोर का नसावी?

अवजलाचंही तसंच. मी रोज सकाळी बाजारपुलावरून चालायला जाते. एप्रिलमध्ये, पावसाचा थेंब नसताना, नदीचं पाणी कधी काठाच्या दगडांखाली असतं, कधी दगडांवर चढलेलं. परगावची माणसं विचारतात, उन्हाळ्यात नदी वाहते कशी? सह्याद्रीच्या पलीकडचं कोयनेचं पाणी पोफळीला वीजघरात उतरतं, कोळकेवाडीच्या धरणात साठतं, तिथेही वीज करून वाशिष्ठीला मिळतं. विजेला मागणी वाढली की पाणी जास्त. त्या पाण्यानेच आमची नदी बारमाही आहे, तिच्यावर कितीतरी गावांच्या नळयोजना चालतात, मी त्याला नावं ठेवत नाही. ओहोटीला चिखलावर बगळे उतरतात, पाग टाकणारा एक म्हातारा पुलाखाली कंबरभर पाण्यात उभा असतो. जाळं फेकण्याआधी तो काठीने पाण्याचा अंदाज घेतो. आजचं पाणी खाडीचं की वरचं, हे तो पायाला गार लागण्यावरून सांगतो. वरचं पाणी गार असतं, म्हणतो. आपल्याकडे तसे पाय नाहीत, म्हणून पेपर हवा.

आता पातळीबद्दल. चिपळूणला वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची ७ मीटर. हा आकडा पावसाळ्यात कानावर पडतो, पण ५ मीटर म्हणजे माझ्या दारात किती, हे त्यावरून कसं कळावं? मी २०२२ च्या पावसाळ्यापासून नवी वही केलीय. तारीख, तिथी, त्या वेळी सांगितलेली पातळी, आणि पाणी कुठवर आलं ते. त्यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नदी रस्त्यावर यायच्या बरंच आधी आमच्या गल्लीतलं गटार उलटं वाहायला लागतं. एरवी पाणी नदीकडे जातं. वाशिष्ठी फुगली की शिवनदीचं पाणी तिच्यात रिकामं होत नाही, ते मागे हटतं, आणि गटारातला कचरा, बाटल्या, नारळाच्या शेंड्या तोंडाकडून आत तरंगत येतात. ते दिसलं की मी खालच्या फळीवरचं कापड वर घेते. अजून तरी हा अंदाज चुकलेला नाही. पण हे माझ्या गल्लीपुरतं. पेठमापला काय दिसतं, मुरादपूरला, खेंडीला, वडनाक्यावर, चिंचनाक्यावर? तिथल्या कुणाला ना कुणाला ते माहीत आहे. तुमच्या वार्ताहरांनी एकदा फिरून विचारावं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एक पानभर छापावं, की पातळी इतकी झाली की अमुक गल्लीच्या अमुक पायरीला पाणी लागतं. लोक ते पान कापून भिंतीवर चिकटवतील. मी तर काच लावून घेईन.

आणखी एक. २०२१ च्या रेघा आता पुसल्या जातायत. दुकानांना नवीन रंग लागले, फरशा बसल्या, ज्याला त्याला तो डाग नको असतो, आणि त्यात कुणाची चूक नाही. मीही गेल्या दिवाळीला रंग दिला, फक्त दाराच्या चौकटीजवळ एक हात जागा तशीच ठेवली. तिथे दोन रेघा आहेत, बासष्ट इंचांवर एक आणि एकशे एकवर एक. पण खालच्या रेघेवर विसंबून मी माळा बांधला होता, म्हणून नुसती रेघ जपून भागत नाही हेही मला माहीत आहे. रेघ झालेलं सांगते, आज काय होतंय ते सांगत नाही. गावात कामाला आलेली कितीतरी नवीन माणसं आहेत, तळमजल्यावर भाड्याने राहतात. त्यांना वाशिष्ठी म्हणजे हायवेवरून दिसणारी हिरवी नदी एवढंच ठाऊक. माझ्याकडे काजं-बटणं करायला येणारी मुलगी घाटावरची आहे. भरती म्हणजे पोलीस भरती, असं तिला वाटायचं. आता ती रोज कॅलेंडर बघून पाऊणकी करते आणि मला वेळ सांगते. पंचमीला पावणेचार तिने बरोबर सांगितलं, दशमीला अडखळली.

चौकटीसाठी जागेची अडचण असेल तर गणवेशाच्या दिवसांत मी देते ती छोटी जाहिरात या वर्षी नका घेऊ, ती जागा चौकटीला द्या. आणि गल्लीगल्लीच्या पाण्याची माहिती जमवायचं ठरलं तर माझी वही कामाला येईल. ती मी दुकानात ठेवत नाही, घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. आदल्या दिवशी निरोप पाठवलात तर घेऊन येईन. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं, सोमवारी बंद.

कळावे.

आपली,
बाजारपेठेतली एक शिलाईवाली, चिपळूण