आटे गेले म्हणजे ब्लॉक गेला असे नव्हे

मा. संपादक,
स. न.

माझ्या पुतण्याच्या गाडीचे हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि त्यावर बोल्टांनी बसवलेले हेड यांच्यामधले सील, बदलताना गेल्या महिन्यात एका गॅरेजमध्ये शेवटच्या बोल्टाचे आटे गेले. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याला अॅल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती. ती तार म्हणजेच ब्लॉकमधले आटे. ‘ब्लॉक गेला, हाफ इंजिन (ब्लॉकसह इंजिनाचा खालचा भाग) बदलावे लागेल,’ असा निकाल गॅरेजने तिथल्या तिथे देऊन टाकला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी उमेदीची वर्षे लेथ आणि ड्रिलिंग मशीनवर गेली असल्याने मला तो पटला नाही.

पूर्वीचे ब्लॉक बिडाचे असत आणि ते बराच अडाणीपणा सोसत. आता अनेक गाड्यांचे ब्लॉक अॅल्युमिनियमचे असतात, बोल्ट मात्र पोलादाचाच असतो. त्यामुळे जोर जास्त झाला की हार मऊ धातूची होते. पान्याला पाइप लावून ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणे, 1.5 मिमी पिचच्या (दोन आट्यांमधल्या अंतराच्या) भोकात 1.25 मिमी पिचचा बोल्ट घुसवणे किंवा भोकाच्या तळाशी साचलेले तेल न पुसता बोल्ट बसवणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. यांतले तेल सर्वांत फसवे, कारण आरपार नसलेल्या भोकात ते दाबले जाऊन ब्लॉकला तडासुद्धा देऊ शकते.

गेलेल्या आट्यांवर उपाय आहे आणि तो जुगाड नव्हे. भोक किंचित मोठे करून, म्हणजे 10 मिमीच्या बोल्टासाठी साधारण 10.4 मिमीचे ड्रिल मारून, त्यात खास टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) नवे आटे पाडतात आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेचे वेटोळे, ज्याला बाजारात हेलिकॉइल म्हणतात, किंवा भरीव थ्रेडेड बुश (आतबाहेर आटे असलेली धातूची नळी) बसवतात; या दोन्हींना इन्सर्ट म्हणतात. बोल्ट मूळ मापाचाच राहतो, पण त्याचा ताण आता मोठ्या व्यासाच्या आट्यांवर पसरत असल्याने नीट बसवलेला इन्सर्ट मूळ अॅल्युमिनियमपेक्षा अधिक ओढ सहन करतो. विमानांच्या इंजिनांत स्पार्क प्लगच्या आट्यांसाठी अशी वेटोळी कित्येक दशके वापरली जात आहेत. हेड बोल्टासाठी मी स्वतः भरीव बुशच पसंत करतो.

मात्र हे काम घाईचे नाही. हातात ड्रिल धरून मारलेले भोक हमखास तिरके जाते, म्हणून ब्लॉकच्या सपाट पृष्ठभागावर गाइड प्लेट बांधावी लागते. सिलिंडरची तोंडे आणि तेल-पाण्याचे मार्ग बंद करून धातूच्या किसाचा एकही कण आत पडू न देता तो काढावा लागतो. वेटोळे पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवून ते फिरवून बसवण्यासाठी असलेली त्याची शेपटी मोडून चिमट्याने उचलावी लागते. ती लोहचुंबकाने उचलू पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की या जातीचे स्टेनलेस चुंबकाला जेमतेमच चिकटते. भोकापासून तडा गेला असेल किंवा पाण्याच्या जॅकेटची (सिलिंडरभोवतीच्या थंड पाण्याच्या पोकळीची) भिंत पातळ उरली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. एपॉक्सी (घट्ट होणारा डिंक) भरून बोल्ट चिकटवणे तर हेडच्या बाबतीत निव्वळ फसवणूक आहे.

ब्लॉक बदलण्यात खर्चाबरोबर कागदोपत्री त्रासही आहे. इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असल्याने तो बदलला की आरटीओत आरसी बुकावर नवी नोंद करून घ्यावी लागते, हे गॅरेजवाले बहुधा सांगत नाहीत. आमचा बुश एका दुपारी बसला. त्यानंतर सर्व हेड बोल्ट नवे घेतले, कारण आधी ठरावीक टॉर्क (पिळाचा जोर) आणि मग ठरावीक अंश फिरवून आवळायचे बोल्ट ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात.

आयटीआयच्या मेकॅनिक वर्गांत प्रत्येक मुलाच्या हातून भंगारातल्या एका अॅल्युमिनियम ब्लॉकवर हे काम एकदा तरी करून घ्यावे, आणि गॅरेजांनी हेड बोल्ट कोणत्या टॉर्कने आवळले ते बिलावर लिहून द्यावे. पुतण्याला मिळालेल्या पहिल्या बिलावर ‘हेड वर्क’ एवढेच दोन शब्द आहेत.

— एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर