‘बँक’ आणि शाळेतलं बाक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी नात सातवीत आहे. परवा तिच्या इंग्रजीच्या गाइडात ‘बँक’चे दोन अर्थ दिसले, नदीचा काठ आणि पैशांची पेढी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘यांचा परस्परांशी संबंध नाही.’ मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, मला राहवेना.

संबंध आहे, आणि फार सुरेख आहे. दोन्हींचं मूळ एकाच जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातल्या, शब्दात आहे. उंचवटा, ओटा, बसायची फळी अशा अर्थांचा तो शब्द. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या बोलीतून तो इंग्रजीत आला तो नदीचा काठ होऊन. इटलीत गेला तिथे त्याचं बाक झालं. तिथले सराफ भर बाजारात बाक मांडून नाणी बदलून देत. त्या बाकाचंच नाव पेढीला पडलं. दिवाळं निघालं की ‘बांका रोत्ता’, मोडलेलं बाक. तेच इंग्रजीत ‘बँकरप्ट’. मेजवानीचं ‘बँक्वेट’ म्हणजे मुळात छोटं बाक, आणि ‘बेंच’ तर सख्खं भावंड.

आपलं बाकही पोर्तुगिजांकडून आलेलं, याच घराण्यातलं. (म्हातारपणी पाठीला येतो तो बाक वेगळा, तो ‘वक्र’च्या कुळातला.) कर्कटकाने नावं कोरलेल्या ज्या बाकावर बसून नात ‘संबंध नाही’ असं घोकते, ते बाकच तो संबंध आहे!

गाइड काढणाऱ्यांनी ते वाक्य पुढच्या आवृत्तीत गाळावं, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली