पाकीट सापडलंय

बंड्या,

आधी शिव्या घालून घे. दोन वर्षं तुझे सगळे मेसेज वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. गस्तीवरच्या पाणबुडीसारखं समज, मागे लांबलचक वायर सोडून वरचं सगळं ऐकायचं पण स्वतः चकार शब्द काढायचा नाही, कारण बोललं की ठिकाणा कळतो. हे काही खरं कारण नाही, पण तू हसशील म्हणून लिहिलं. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीमुळे. परवा माळा आवरताना आपली १९९६ ची वही सापडली, आपल्या खेळातल्या नौदलाची. आपल्या तीन पाणबुड्या कासव, मगर आणि सुसर, प्रत्येकीवर १६ क्षेपणास्त्रं, सगळं स्केचपेनने, मगरीचं शेपूट मी काढलेलं म्हणून वाकडं. आणि शेवटच्या पानात ते पाकीट. बंद! डिंक पिवळा पडलाय पण सुटलेला नाही, वर तुझी 'पंतप्रधान' म्हणून सही आणि खाली तुझ्याच अक्षरात, 'देश उरला नाही तरच कॅप्टनने उघडावे'. कॅप्टन मी.

आपल्याला वाटायचं ही आयडिया आपलीच. नंतर कधीतरी वाचलं की ब्रिटनचा पंतप्रधान खुर्चीवर बसला की खरंच स्वतःच्या हाताने चार पत्रं लिहितो, अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या चार पाणबुड्यांसाठी एकच मजकूर, ती बोटीवर तिजोरीतल्या तिजोरीत राहतात आणि वर विचारायला कोणीच उरलं नाही तर कॅप्टनने उघडायची. पंतप्रधान बदलला की न वाचता नष्ट करतात. न वाचता, बघ.

आणि चार बोटी, बंड्या, चार! तू तीनवर अडून बसला होतास, म्हणे बजेट नाही. अरे एक दुरुस्तीला, एक सरावाला, एक बाहेर, आणि बाहेरचीच बिघडली तर? १९६९ पासून त्यांची एक तरी बोट कायम पाण्याखाली असते ती चारच्या जिवावर, आणि आता जुन्या झाल्यात तर दुरुस्त्या लांबतात आणि बाहेरच्या बिचाऱ्यांना सहा-सहा महिने वर येता येत नाही. तुझ्या तीनमध्ये तर पहिल्याच वर्षी बोंब झाली असती.

एक मात्र मान्य करतो. आपली कासव आणि शत्रूपक्षातल्या सुध्याची बोट एकमेकींवर आपटल्या असं तू लिहिलंस तेव्हा मी वही फेकली होती, एवढ्या मोठ्या समुद्रात हे शक्यच नाही म्हणून. आणि खरंच तसं घडलं, फेब्रुवारी २००९, अटलांटिक, ब्रिटिशांची व्हॅनगार्ड आणि फ्रेंचांची ल त्रिओंफाँ. दोस्त देशांच्या बोटी, दोन्ही पोटात अण्वस्त्रं घेऊन फिरणाऱ्या, आणि चालायच्या इतक्या गुपचूप की धडकेपर्यंत पत्ता नाही. फ्रेंचांना तर आधी वाटलं कुठल्यातरी कंटेनरला धडकलो. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता, पण हरलो होतो ना.

तर पाकीट. मला मेली भीती वाटते की ते कोरं आहे. झुरळ दिसलं की कॉटवर चढणारा तू, तू काय लिहिणार? आणि सुध्या अख्खी सुट्टी त्या पाकिटाला टरकून होता, एकदासुद्धा हल्ला केला नाही त्याने. स्केचपेनच्या बोटींना कोण घाबरतंय, आत काय लिहिलंय ते माहीत नाही म्हणून घाबरायचा. परवा त्याला फोटो पाठवला तर दोन पोरांचा बाप अजून विचारतो, काय होतं रे आत? मी म्हटलं तुला कशाला सांगू. फुगलाय.

पण तू 'सोड' लिहिलं असशील तर मी क्षेपणास्त्रं सोडली असती का? तेव्हा नक्कीच, अकरा वर्षांचा होतो आणि मगर माझी होती. आता रात्री पडल्या पडल्या विचार येतो, की आपलं घर गेलं, माणसं गेली, सगळं झाल्यावर खाली बसून दुसऱ्यांच्या घरांवर सोडायची, कोणाला वाचवायला? आणि तू 'सोडू नको' लिहिलं असशील तर माझा वर्षभराचा रुबाब फुकटच होता म्हणायचा. कोरं असेल तर सगळ्यात वाईट, म्हणजे ठरवायचं माझ्या गळ्यात मारलंस, ट्रिपचं बुकिंग मारतोस तसं. ब्रिटिशांच्या पत्रात तोही एक पर्याय असतो म्हणतात, कॅप्टनने स्वतःच्या अकलेने ठरवावं. माझी अक्कल तुला माहितीये.

वहिनींना नमस्कार. पिंकीची दहावी झाली का, नव्या घराचं काय झालं, तुझ्या त्या साहेबाची बदली झाली का, सगळं लिही. त्या लग्नातल्या भांडणाचं भेटल्यावर बोलू, चूक तुझीच होती.

पाकीट उघडू, फाडू की तुला पाठवून देऊ? पंतप्रधान बदलला असता तर न वाचता फाडलं असतं, पण तू राजीनामा दिल्याचं वहीत कुठे सापडत नाही. सध्या इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलंय. सुध्या रविवारी येतोय, त्याच्या आत कळव.

तुझा,
पक्या