तांड्याच्या पोरी फितवणाऱ्या काकूंना

ती. काकू,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र घरच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण तुमच्यावर ठपका ठेवला गेला तो चारचौघांत, पारावर. ‘ही बाई तांड्याच्या पोरी फितवते’ हे वाक्य आमच्या तांड्यावर आणि तुमच्या गावात दोन्हीकडे फिरलं. आभार तेवढे गुपचूप मानायचे, हे मला पटेना. तुमचा नातू हे वाचून दाखवील तेव्हा ‘मी काय केलंय एवढं’ म्हणून उठून जाऊ नका. पूर्ण ऐका.

बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आम्ही बीड जिल्ह्यातले बंजारा. घरात गोरमाटी बोलतो, शाळेत मराठी. दिवाळीच्या आगेमागे तांडा रिकामा होतो. मुकादमाची गाडी लागते आणि आईबाप कोयता घेऊन ऊस तोडायला निघतात ते चैत्रातच परततात. मागे उरतात म्हातारी माणसं. पोरं सोबत गेली की त्यांची शाळा बुडते, म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहं काढली. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत त्याचा अर्थ एवढाच की गावातली एक बाई पोरांचा दोन वेळचा स्वयंपाक करणार आणि पोरं रात्री आजी-आजोबांकडे झोपणार. आमच्या गावात ती बाई म्हणजे काकू. माझी आजी रातांधळी, झोपडी ओढ्याच्या पलीकडे. म्हणून मी आणि धाकटे दोघे काकूंच्या ओसरीवरच झोपायला लागलो. त्याचे पैसे कुणी देत नव्हतं.

काकू, तुमच्या सासूबाईंनी सुरुवातीला माझा पेला वेगळा ठेवला होता. स्टीलचाच, पण काठाला चेपलेला, खिडकीत उपडा. तुम्ही त्यावरून घरात भांडण केलं नाहीत. तुम्ही फक्त त्याच पेल्याने पाणी प्यायला लागलात. माळकरी सासूसमोर, रोज, जेवताना. महिनाभरात तो पेला मांडणीत इतर पेल्यांत मिसळून गेला. सासूबाई शेवटी शेवटी माझ्याकडून पाय चेपून घ्यायच्या, हेही लिहायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

हंगामी वसतिगृहाच्या यादीतलं माझं नाव आठवीनंतर निघालं. तुम्ही मात्र मला जेवायला वाढत राहिलात.

मग याडीचं, म्हणजे माझ्या आईचं, ऑपरेशन झालं. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रकार २०१९ साली पेपरांत गाजला, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समितीही नेमली गेली. आमच्या तांड्याला त्यात नवीन काही नव्हतं. याडीलाही एका खासगी डॉक्टरने ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असं सांगून भीती घातली होती. तिचं वय तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. आज नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आल्यावर मला कळतं की तिला आधी सोनोग्राफी, तपासणी, औषधं असं बरंच काही करता आलं असतं. तेव्हा घरात एकच हिशेब होता, पाळीच्या दिवसांतला खाडा वाचेल. फडात एक दिवसाचा खाडा झाला की मुकादम दंड कापतो.

ऑपरेशननंतर तिला मोळी उचलवेना. कंबर धरायची, अंगातून वाफा निघायच्या. आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो, बायको वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, साळून मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत भरते. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मी बारावीला होते त्या वर्षी बापूने जोडीची उचल घेऊन ठेवली होती, त्यातली निम्मी याडीच्या औषधांत आणि जुन्या बाकीत गेलेली. दुसरा अर्धा कोयता कोण, याला उत्तर एकच होतं. मी थोरली. किंवा माझं लग्न लावून द्यायचं, म्हणजे मी दुसऱ्या घरचा अर्धा कोयता झाले असते. बालविवाहावर भाषणं करणाऱ्यांना हे गणित कुणी समजावून सांगत नाही. आमच्याकडे पोरीचं लग्न लवकर लावतात ते फक्त रूढी म्हणून नव्हे. जोडी झाली की उचल दुप्पट. शिवाय वयात आलेली पोर सहा महिने तांड्यावर म्हाताऱ्यांच्या भरवशावर टाकायची कशी, आणि फडावरच्या कोपीत न्यायची तरी कशी, ही धास्ती वेगळीच.

मला जायचं नव्हतं. पण बापूला एकटं पाठवून मी पुस्तक उघडून बसायचं, हेही मनाला पटत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शाळेतल्या मॅडम म्हणायच्या, ‘ठाम राहा, स्वतःच्या पायावर उभी राहा.’ तांड्यावर म्हणायचे, ‘बापाचं रक्त आटतंय, दिसत नाही का?’ दोघांचंही खरं होतं.

तुम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात आलात. तांड्यावर तुम्हाला पहिल्यांदाच पाहिलं मी. बापूला तुम्ही माझ्या हुशारीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मुलगी शिकली प्रगती झाली, तसलंही काही नाही. तुम्ही विचारलंत, ‘भाऊ, उचल किती घेतली, फिटली किती, राहिली किती?’ आणि खाली बसलात. मग माझ्या चुलत भावाला बापूबरोबर घालायचं ठरलं. दोघं पुरुष, म्हणून मुकादमाने कुरकुर करत उचल थोडी कापली. याडीला तुम्ही स्वयंपाकाला मदतनीस म्हणून ठेवून घेतलंत आणि तुमच्या मानधनातला अर्धा हिस्सा तिच्या हातावर ठेवायला लागलात. काकूंचं मानधन किती होतं ते इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण त्यातून दोन घरं चालत नाहीत एवढं सांगते.

त्या हंगामात तुमच्या चुलीवर याडीच्या बाजरीच्या बाट्या आणि तुमचं पिठलं एकत्र व्हायचं. याडीने तुम्हाला गोरमाटी शिकवली. तुमचं गोरमाटी आठवून तिला अजून हसू आवरत नाही. ‘काकू बोलली की म्हैस आणि मावशी एकच होते,’ असं ती सांगते.

बारावी झाली आणि नर्सिंगच्या प्रवेशाला जातवैधता अडली. आम्ही महाराष्ट्रात विमुक्त जाती, तीच माणसं तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतात. वैधतेला वडिलांकडच्या नात्यातला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आमच्या घरात तेव्हा कुणाला अक्षरओळख नव्हती, जमीन नव्हती. कागद आणायचा कुठून? अर्जाला त्रुटी निघाली आणि बापू म्हणाला, सोड.

तुम्हाला मात्र आठवलं की तुमचे मालक शाळेत शिपाई असताना जुन्या रजिस्टरांचं एक कपाट होतं, आणि ते सांगायचे, आमच्या तांड्यावरची दोन पोरं फार पूर्वी दुसरीपर्यंत शाळेत आली होती. तुम्ही मला घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलात. वाळवी लागलेलं रजिस्टर, जाड शाईची अक्षरं. माझ्या आजोबांच्या सख्ख्या भावाचं नाव होतं, सन १९५७, जातीच्या रकान्यात ‘लमाण’, म्हणजे आम्ही बंजाराच. तुम्हाला वाचता येत नाही. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून मला तीन-तीनदा वाचायला लावलंत आणि मग लगेच म्हणालात, ‘चल, उतारा घे, सही-शिक्का घे, हा बाबा जेवायला उठायच्या आत.’ मुख्याध्यापक समोरच बसले होते.

शहरात आल्यावर गंमत सुरू झाली. कॉलेजच्या गॅदरिंगला सगळ्यांना माझ्याकडून फेटिया-कांचळी आणि बंजारा डान्स हवा. माझी आजी तेच कपडे घालून दवाखान्यात आली असती तर केसपेपरच्या रांगेत तिला किती लोकांनी पुढे जाऊ दिलं असतं, हा प्रश्न मी विचारला नाही, नाचले. छान नाचले. आणि तांड्यावर तीजेच्या सणाला गेले तर बायका म्हणाल्या, हिची चालसुद्धा बदलली, आता ही आपली नाही. गव्हाच्या दुरड्यांना पाणी घालताना जी गाणी म्हणतात ती मला सगळी येतात. मी ती म्हटली. कुणी काही बोललं नाही, पण शेजारीण सरकून बसली आणि मला जागा झाली.

तुम्ही मला दोन्हींतलं एक निवड असं कधी म्हणाला नाहीत. सल्ले दिलेत ते सगळे व्यवहाराचे. स्टायपेंड सुरू झाला तेव्हा म्हणालात, ‘घरी पाठव, पण आकडा तू ठरव, आणि दर महिन्याला तोच पाठव. कमीजास्त केलास की भांडणं.’ अजून तेच करते. लग्नाचं म्हणाल तर स्थळं येतायत, बापू विचारून सांगतो, मी नोकरी लागेपर्यंत थांबायला सांगितलंय आणि तो थांबलाय. याचं श्रेय तुम्ही घेणार नाही, म्हणून बापूलाच देते.

एक काम आहे. त्या १९५७ च्या उताऱ्याची साक्षांकित प्रत आणि माझं वैधता प्रमाणपत्र, दोन्हींच्या झेरॉक्स नातवाच्या हाती पाठवते आहे. तुमच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. रक्ताच्या नात्यातल्या एकाची वैधता झाली की बाकीच्यांना तिचा आधार घेता येतो, त्यामुळे आमच्या भावकीतलं कुणीही मागायला आलं तर द्या. तुमच्याबद्दल पारावर बोललेल्या चुलत्याची नातसुद्धा यंदा दहावीला आहे. तो लाजेल, येणार नाही. त्याच्या घरी तुम्हीच नेऊन द्या.

तुमची,
तांड्यावरची थोरली