खासगी जलतरण तलाव: ‘क्लोरीनविरहित’ हा दावा चुकीचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

लोणावळा, कर्जत आणि अलिबाग परिसरातील बंगल्यांच्या जाहिरातींत ‘मिठाच्या पाण्याचा, क्लोरीनविरहित जलतरण तलाव’ असा उल्लेख आढळतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही. पाण्यातले मीठ स्वतः जंतू मारत नाही. पंपाच्या पाइपवर बसवलेल्या यंत्रातील टायटॅनियमच्या पट्ट्यांतून वीज वाहिली, की त्याच मिठापासून क्लोरीन तयार होतो आणि तोच पाणी निर्जंतुक करतो.

या यंत्राची सोय मात्र खरी आहे. क्लोरीन थोडा थोडा पण सतत मिळत राहतो आणि घरात पावडरीचे डबे साठवावे लागत नाहीत. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामाइनमुळे. निगा नीट राखल्यास हा त्रास साध्या, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकून शुद्ध ठेवलेल्या तलावातही कमी राहतो.

माझा आक्षेप आहे तो बाहेर सोडल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल. अशा तलावात दर लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ लागते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात सुमारे ४८ हजार लिटर पाणी मावते. म्हणजे दीडशे ते दोनशे किलो मीठ. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते बाहेर पडते फिल्टर उलट धुताना, म्हणजे बॅकवॉशच्या वेळी, आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की. दर लिटरला २ ग्रॅमहून अधिक क्षार असलेल्या पाण्याच्या सिंचनावर कडक मर्यादा असाव्यात, असे जागतिक अन्न व कृषी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हे पाणी शेजारच्या भातखाचरात किंवा विहिरीकडे उतरत असेल, तर त्याची झळ ज्यांनी तलावात कधी पाऊलही टाकलेले नाही त्यांना बसते. साध्या तलावाचे पाणी उघड्या टाकीत काही दिवस उन्हात ठेवल्यास त्यातील क्लोरीन नाहीसा होतो. मिठाचे तसे होत नाही.

शिवाय बोअरवेलचे पाणी जड असेल, तर यंत्राच्या पट्ट्यांवर क्षारांचा थर चढतो, त्या वारंवार धुवाव्या लागतात आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात.

म्हणून जेथे सांडपाण्याची वाट शेताकडे किंवा विहिरीकडे जाते, तेथे साधा क्लोरीनच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला शिस्त लागते: मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी शिल्लक असलेला) दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे याचे माप) ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आहे ना, हे नियमित तपासावे, आणि आम्ल व क्लोरीनची पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

बांधकामाचा आराखडा मंजूर करताना तलावाचे पाणी कोठे सोडणार, याचा लेखी तपशील स्थानिक यंत्रणांनी मागावा आणि मिठाच्या तलावाचे पाणी शेतात वा ओढ्यात सोडण्यास मनाई करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मावळ